१८७०चा कायदा, १९६७ची शिक्षा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे अमेरिकेतील वंशसमतेच्या लढ्याविषयी आहेत. त्यांतील प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्याने तिन्हींची उत्तरे एकत्र देत आहोत.

प्रश्न (सातारा येथील एका वाचकाकडून) : अमेरिकेतील १९५० आणि १९६०च्या दशकांतील नागरी हक्कांच्या चळवळीला ‘दुसरी पुनर्रचना’ म्हटलेले वाचनात आले. यादवी युद्धानंतरच्या पहिल्या पुनर्रचनेशी या चळवळीचे खरोखर काही नाते आहे, की दोन काळांतील साम्य पाहून अभ्यासकांनी मागाहून दिलेले हे नाव आहे?

उत्तर : यादवी युद्धात दक्षिणेतील बंडखोर राज्ये हरून गुलामगिरी संपल्यावर मुक्त गुलामांना नागरी आणि मतदानाचे हक्क देण्याचा जो प्रयत्न १८७७पर्यंत चालला, ती पहिली पुनर्रचना. तिच्याशी या चळवळीचे नाते खरे आहे, आणि ते साम्यापेक्षा वारशाचे आहे. हा वारसा किती प्रत्यक्ष होता, हे दोन खटल्यांवरून सर्वांत स्पष्ट दिसते.

१३ एप्रिल १८७३ रोजी, ईस्टरच्या रविवारी, लुइझियाना राज्यातील कोलफॅक्स या गावी न्यायालयाच्या इमारतीचे रक्षण करणाऱ्या कृष्णवर्णीयांवर शस्त्रसज्ज गोऱ्या जमावाने हल्ला केला. निवडणुकीत नेमका कोण जिंकला, या वादातून तो उद्भवला होता. साठाहून अधिक कृष्णवर्णीय मारले गेले आणि त्यांपैकी अनेकांना शरण आल्यानंतर ठार करण्यात आले. केंद्र सरकारने १८७०च्या ‘अंमलबजावणी कायद्या’खाली खटला भरला. नागरिकांचे घटनात्मक हक्क हिरावून घेण्यासाठी कट करणे हा या कायद्याने केंद्रीय गुन्हा ठरवला होता. मोजक्या आरोपींना शिक्षा झाली. परंतु १८७६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘क्रुकशँक’ खटल्यात तीही रद्द केली. चौदावी घटनादुरुस्ती राज्य सरकारांना बांधते, खासगी व्यक्तींना नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. दक्षिणेतील सशस्त्र टोळ्यांनी या निकालाचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला.

आता जून १९६४मधील मिसिसिपी राज्याकडे वळू. कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीसाठी तेथे काम करणाऱ्या जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वेर्नर या तीन तरुणांची नेशोबा काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, हत्या झाली. कटात स्थानिक उपशेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीस अधिकारी, सामील होता. मिसिसिपी राज्याने त्या वेळी खुनाचा खटलाच भरला नाही. केंद्र सरकारच्या हाती कोणता कायदा होता? तोच, १८७०चा. मधल्या काळात त्याचे कलम दंडसंहितेत वेगळ्या क्रमांकाने छापले जात होते, पण ते कोणी रद्द केलेले नव्हते. कनिष्ठ न्यायालयाने आरोपांचा मोठा भाग फेटाळला, तेव्हा १९६६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आरोप पुन्हा दाखल करून घेतले आणि तसे करताना पुनर्रचनेच्या काळातील काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, हा कायदा कोणत्या हेतूने केला होता याचा सविस्तर विचार केला. ऑक्टोबर १९६७मध्ये उपशेरीफासह सात आरोपी दोषी ठरले. कोलफॅक्सच्या मृतांना न्याय देऊ न शकलेले कलमच जवळजवळ शतकानंतर मिसिसिपीत उपयोगी पडले. म्हणूनच या नात्याला वारसा म्हणणे मला योग्य वाटते.

हे एकच उदाहरण असते तर योगायोग म्हणून सोडून देता आले असते. पण १९५४च्या ‘ब्राऊन’ निकालाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला, तो १८६८मध्ये संमत झालेल्या चौदाव्या घटनादुरुस्तीच्या आधारावर. त्या खटल्यात न्यायालयाने दोन्ही पक्षांना मुद्दाम असा प्रश्न घातला होता, की ही दुरुस्ती करणाऱ्यांच्या मनात शाळांविषयी काय होते? त्याचे उत्तर शोधण्यासाठी कृष्णवर्णीय पालकांची बाजू मांडणारे थर्गुड मार्शल आणि त्यांच्या सहकारी वकिलांनी इतिहासकारांची मदत घेतली. त्यांत जॉन होप फ्रँकलिन हे कृष्णवर्णीय इतिहासकारही होते. जुनी कागदपत्रे कोणत्याच बाजूचा निर्णायक पुरावा देत नाहीत, असे अखेरीस न्यायालयाने म्हटले. तरीही १८६६ ते १८६८ या काळाची अशी कसून चौकशी देशाच्या सर्वोच्च न्यायपीठासमोर झाली, ही गोष्ट लहान नाही. १९५७मध्ये आर्कान्सा राज्यातील लिटल रॉकच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय मुलांना सुरक्षित पोचवण्यासाठी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी सैन्य पाठवले, तेव्हा त्यांच्या आदेशात उल्लेखिलेल्या अधिकारांपैकी एकाचे मूळ कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी हिंसा करणाऱ्या गुप्त संघटनेच्या बंदोबस्तासाठी १८७१मध्ये केलेल्या कायद्यात होते. १९६५च्या मतदान हक्क कायद्याचा पाया १८७०च्या पंधराव्या घटनादुरुस्तीचा होता. १९६८मध्ये घर विकताना वर्णभेद करणाऱ्या खासगी कंपनीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तोही १८६६च्या नागरी हक्क कायद्याचा आधार घेऊन.

कायद्याच्या पुस्तकाबाहेरही हा वारसा टिकून होता. कदाचित तोच अधिक महत्त्वाचा असावा, कारण कलमे आपोआप जागी होत नाहीत. ती जागी करणारी माणसे कोठेतरी तयार व्हावी लागतात. मुक्त झालेल्या गुलामांनी आणि त्यांच्या पाठीराख्यांनी युद्ध संपल्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत शाळा, महाविद्यालये आणि चर्च उभारण्याचा जो झपाटा दाखवला, त्याला इतिहासात फार कमी तोड आहे. नॅशव्हिलचे फिस्क विद्यापीठ १८६६चे. वॉशिंग्टनचे हॉवर्ड विद्यापीठ आणि पुढे मोअरहाऊस या नावाने ओळखले गेलेले महाविद्यालय १८६७ची. चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांनी हॉवर्डच्या विधी विद्यालयात वकिलांची जी पिढी घडवली, तिच्यातूनच थर्गुड मार्शल पुढे आले. मार्टिन ल्यूथर किंग मोअरहाऊसचे पदवीधर. नॅशव्हिलच्या उपाहारगृहांत धरणे धरणाऱ्या विद्यार्थ्यांचे नेतृत्व करणाऱ्या डायन नॅश फिस्कमध्ये शिकत होत्या. १९६५मध्ये अलाबामातील सेल्मा शहरातून मतदानाच्या हक्कासाठीचे मोर्चे ज्या ब्राऊन चॅपल चर्चमधून निघाले, त्याची मंडळी १८६६मध्ये स्थापन झाली होती. १८७७मध्ये पुनर्रचना राजकीयदृष्ट्या मोडून पडली, पण तिने उभारलेल्या या संस्था मोडल्या नाहीत.

लढ्याच्या पद्धतींतही असेच सातत्य दिसते. १९५५च्या मंटगमरी बस बहिष्काराची कथा आपल्याकडे अनेकांना ठाऊक आहे. न्यू ऑर्लिन्समध्ये मात्र कृष्णवर्णीय नागरिक १८६७मध्येच केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या ट्रामगाड्यांत शिरून बसत होते आणि त्यांच्या रेट्यामुळे त्याच वर्षी तेथील ट्रामगाड्या सर्वांना खुल्या झाल्या. पुढे वारे फिरले. १८९०मध्ये लुइझियानाने रेल्वेत वेगळे डबे सक्तीचे केले आणि १८९२मध्ये त्याच शहरातील होमर प्लेसी यांनी ठरवून, अटक ओढवून घेण्यासाठीच, गोऱ्यांच्या डब्यात जागा घेतली. त्यांची बाजू मांडणारे आल्बियन टूर्जे पुनर्रचनेच्या काळात नॉर्थ कॅरोलायनात न्यायाधीश होते. १८९६मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते हरले. ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व त्याच निकालाने अठ्ठावन्न वर्षे देशाच्या माथी बसवले. मंटगमरी शहरातही १९००मध्ये ट्रामगाड्यांवर बहिष्कार पडला होता, ही गोष्ट १९५५मध्ये बसमधील जागा सोडण्यास नकार देणाऱ्या रोझा पार्क्स यांच्या कथेत सहसा सांगितली जात नाही. ती सांगायला हवी, म्हणजे १९५५चा निर्धार एका संध्याकाळी एका थकलेल्या बाईच्या मनात अचानक उगवला, हा गैरसमज राहणार नाही.

प्रश्न (नांदेड येथील एका शिक्षिकेकडून) : पहिल्या वेळी एवढे कायदे झाले असतील, तर ते टिकले का नाहीत? आणि दुसऱ्या वेळचे टिकले असे आपण म्हणू शकतो का?

उत्तर : पहिल्या वेळचे यश किरकोळ नव्हते, हे आधी नोंदवले पाहिजे, कारण पुढची अनेक दशके अमेरिकेतील पाठ्यपुस्तकांनी ते पुसून टाकले होते. १८६७च्या कायद्यांनंतर दक्षिणेत सात लाखांहून अधिक कृष्णवर्णीय पुरुषांनी मतदार म्हणून नावे नोंदवली. पुनर्रचनेच्या काळात सुमारे २,००० कृष्णवर्णीयांनी स्थानिक पातळीपासून केंद्रापर्यंत सार्वजनिक पदे सांभाळली. १८७०मध्ये मिसिसिपीचे हायरम रेव्हल्स सिनेटमध्ये बसले आणि काही वर्षांनी त्याच राज्यातून ब्लँच ब्रूस निवडून आले. दक्षिणेतील अनेक राज्यांना सार्वजनिक शाळांची व्यवस्था याच सरकारांनी दिली. ब्रूस यांची मुदत १८८१मध्ये संपली. त्यानंतर सिनेटमध्ये पुढचा कृष्णवर्णीय सदस्य दाखल झाला तो १९६७मध्ये, मॅसॅच्युसेट्समधून. प्रतिनिधिगृहात दक्षिणेतून पुन्हा कृष्णवर्णीय सदस्य दिसण्यासाठी १९७३ उजाडावे लागले. त्यापूर्वीचे शेवटचे सदस्य जॉर्ज व्हाइट १९०१मध्ये बाहेर पडले होते.

ही व्यवस्था एका घावात कोसळली नाही. आधी बंदुका आल्या, मग न्यायालयांचे निकाल आले, मग सौदा झाला आणि सर्वांत शेवटी कायद्याचा सभ्य मुखवटा चढला. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी १८७१मध्ये साउथ कॅरोलायनाच्या नऊ काउंटींत क्लॅनविरुद्ध कठोर कारवाई केली आणि ती यशस्वीही झाली. याचा अर्थ हिंसेला आळा घालणे अशक्य नव्हते. पण उत्तरेतील मतदार हळूहळू या प्रश्नाला कंटाळले, १८७३च्या आर्थिक मंदीने त्यांचे लक्ष दुसरीकडे वळवले आणि १८७६च्या वादग्रस्त निवडणुकीनंतरच्या सौद्यातून रदरफर्ड हेज राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा दक्षिणेतील उरलेल्या सरकारांच्या पाठीशी असलेले सैन्य बराकींत परतले. १८८३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १८७५चा नागरी हक्क कायदा रद्द केला. या कायद्याने खानावळी, नाट्यगृहे आणि वाहने सर्व वर्णांच्या नागरिकांना खुली केली होती. जॉन मार्शल हार्लन या एकट्या न्यायमूर्तींनी त्या निकालाला विरोध नोंदवला. मग १८९०मध्ये मिसिसिपीने नवी राज्यघटना केली. तिच्यात वर्णाचा उल्लेख न करता मतदान कर आणि घटनेतील उतारा वाचून किंवा ऐकून त्याचा अर्थ सांगण्याची परीक्षा घालण्यात आली. अर्थ बरोबर की चूक, हे गोरा नोंदणी अधिकारी ठरवणार होता. इतर राज्यांनी हाच मार्ग धरला. लुइझियानात १८९६मध्ये १,३०,००० हून अधिक कृष्णवर्णीय मतदार होते. १९०४मध्ये जेमतेम १,३०० उरले.

माझ्या मते पहिल्या पुनर्रचनेतील सर्वांत खोल चूक याही आधीची, जमिनीविषयीची आहे. जानेवारी १८६५मध्ये केंद्राच्या सैन्याचे जनरल शर्मन यांनी साउथ कॅरोलायना, जॉर्जिया आणि फ्लोरिडाच्या किनारपट्टीवरील जमीन मुक्त गुलामांच्या कुटुंबांसाठी राखून ठेवली आणि हजारो कुटुंबे तिच्यावर स्थायिकही झाली. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी बंडखोर मळेवाल्यांना माफी देऊन बहुतेक जमीन त्यांना परत केली. ज्याच्या हाती मत आहे पण जो पोटासाठी जुन्या मालकाच्याच शेतात वाट्याने राबतो, त्याला मतदानाच्या दिवशी धमकावणे फार सोपे असते. दुसऱ्या वेळीही हा प्रश्न अपुराच राहिला. ऑगस्ट १९६३च्या वॉशिंग्टन मोर्चाच्या अधिकृत नावात स्वातंत्र्याआधी रोजगाराचा उल्लेख होता आणि एप्रिल १९६८मध्ये किंग मेम्फिसला गेले होते ते सफाई कामगारांच्या संपासाठी. तेथेच त्यांची हत्या झाली.

दुसऱ्या वेळच्या विरोधकांनाही आपण कोणत्या इतिहासात उभे आहोत याची पुरती जाणीव होती. १९५६मध्ये जॉर्जिया राज्याने आपल्या ध्वजात बंडखोर सैन्याचे निशाण नव्याने घातले. जानेवारी १९६३मध्ये अलाबामाचे गव्हर्नर म्हणून शपथ घेताना जॉर्ज वॉलेस यांनी आपण यादवी युद्धातील बंडखोर राज्यांचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस उभे राहिले होते त्याच जागी उभे असल्याचे अभिमानाने सांगितले. याउलट मार्च १९६५मध्ये सेल्माहून चालत आलेल्या मोर्चासमोर, त्याच मंटगमरीत बोलताना, किंग यांनी वर्णभेदाची व्यवस्था अनादी काळापासूनची नसून युद्धानंतरच्या काही दशकांत गरीब गोऱ्यांना आणि कृष्णवर्णीयांना एकमेकांपासून तोडण्यासाठी ती मुद्दाम रचली गेली, असे इतिहासाचा दाखला देत मांडले. जी गोष्ट माणसांनी रचली ती माणसांना मोडताही येते, असा त्या मांडणीचा रोख होता. भाषणात इतिहासाला इतका भार वाहायला लावणारे नेते विरळा.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठाम ‘हो’ असे देता येत नाही. १९६४चा नागरी हक्क कायदा करणाऱ्यांनी १८८३च्या निकालातून धडा घेतला होता. हॉटेले आणि उपाहारगृहे सर्वांना खुली करताना त्यांनी आंतरराज्य व्यापाराचे नियमन करण्याच्या अधिकारावर मुख्य भर दिला, आणि डिसेंबर १९६४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटलांटातील एका मोटेलच्या व बर्मिंगहॅममधील एका खाणावळीच्या खटल्यांत तो मान्य केला. हा कायदा आजही उभा आहे. १९६५चा मतदान हक्क कायदा तर त्याहून विचारपूर्वक केलेला होता. ज्या राज्यांत भेदभावाचा पूर्वेतिहास होता, त्यांनी निवडणुकीचे नियम बदलण्याआधी केंद्राची संमती घ्यावी, अशी त्यात अट होती. म्हणजे मिसिसिपीने १८९०मध्ये वापरलेली वाट आधीच अडवली गेली. मिसिसिपीत नोंदणीकृत कृष्णवर्णीय मतदारांचे प्रमाण सुमारे ७ टक्क्यांवरून दोन वर्षांत सुमारे ६० टक्क्यांवर गेले, यावरून या कायद्याची ताकद कळते. परंतु २०१३मध्ये ‘शेल्बी काउंटी’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी, ही अट कोणत्या राज्यांना लागू होईल हे ठरवणारे कलमच रद्द केले आणि त्यामुळे अटच निष्प्रभ झाली. त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायनाने मतदानाचे नियम कडक केले. ते कृष्णवर्णीय मतदारांना हेरून केलेले आहेत, असा निष्कर्ष काढून केंद्रीय अपील न्यायालयाने २०१६मध्ये ते रद्द केले. आधी संमती घेण्याची अट जिवंत असती, तर मधल्या निवडणुका त्या नियमांखाली झाल्या नसत्या.

प्रश्न (मुंबई येथील एका विद्यार्थ्याकडून) : महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील लोकांना अर्पण केली, एवढेच शाळेत कळले. आपल्याकडील समतेच्या लढ्याचा या इतिहासाशी याहून अधिक संबंध आहे का?

उत्तर : आहे, आणि तो घटनेच्या मसुद्यापर्यंत पोचतो. गुलामांची मुक्तता करण्यात औदार्य आणि परोपकारबुद्धी दाखवणाऱ्या अमेरिकी सज्जनांना फुले यांनी आपला ग्रंथ अर्पण केला तो १८७३मध्ये, म्हणजे कोलफॅक्सच्या हत्याकांडाच्याच वर्षी. पुण्यातून दिसणारे चित्र आशेचे होते, आणि ते खोटेही नव्हते, कारण त्या क्षणी कृष्णवर्णीय सदस्य अमेरिकी काँग्रेसमध्ये बसत होते. फुले यांनी त्या वर्षी आपल्या लोकांसमोर एक घडू शकणारी गोष्ट ठेवली आणि त्याच सप्टेंबरात सत्यशोधक समाजाची स्थापना केली.

डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. पुनर्रचना म्हणजे अडाणी कृष्णवर्णीयांच्या हाती सत्ता देण्याची घोडचूक, अशी मांडणी करणाऱ्या इतिहासकारांचे मुख्य केंद्र त्या काळी हेच विद्यापीठ होते. आंबेडकरांनी पुढे काढलेले निष्कर्ष याच्या अगदी उलट आहेत. युद्ध जिंकायला ज्यांची मदत घेतली त्या कृष्णवर्णीयांना नंतर कसे वाऱ्यावर सोडले गेले, याची आठवण त्यांनी १९४५च्या आपल्या एका ग्रंथात करून दिली आणि अस्पृश्यांनी केवळ सदिच्छेवर विसंबू नये असा त्यातून बोध घेतला. १९४६मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकी कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या.

याहून ठोस पुरावा १९४७चा आहे. अखिल भारतीय शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने त्यांनी घटना समितीच्या कामासाठी जे निवेदन सादर केले, त्यातील समान वागणुकीच्या तरतुदी समजावून सांगताना त्यांनी अमेरिकेच्या १८६६ आणि १८७५च्या नागरी हक्क कायद्यांचा आधार स्पष्टपणे नोंदवला आहे. यांतील १८७५चा कायदा अमेरिकेत १८८३पासून मृतावस्थेत होता. २६ जानेवारी १९५०पासून अमलात आलेल्या आपल्या घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या कलमाने दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीची ठिकाणे, तसेच सार्वजनिक विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून आडकाठी करण्यास मनाई केली. अमेरिकी न्यायालयाने १८८३मध्ये जी बाब केंद्रीय कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली होती, ती येथे थेट मूलभूत हक्कांत आली. अमेरिकेत तशी तरतूद पुन्हा येण्यास आणखी चौदा वर्षे लागायची होती. पुढे १९७२मध्ये मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली, तिचे नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथर पक्षावरून घेतलेले होते, हे आपणास ठाऊक असेलच.

या विषयावर महाविद्यालयात निबंध लिहीत असल्याचे आपण पत्रात म्हटले आहे. तसे असेल तर चळवळींच्या घोषणांपासून सुरुवात करण्यापेक्षा १८७५च्या अमेरिकी कायद्याचे पहिले कलम, १९४७च्या निवेदनातील संबंधित टिपा आणि आपल्या घटनेचा पंधरावा अनुच्छेद हे तीन मजकूर शेजारी ठेवून वाचावेत. त्यांतील कोणती ठिकाणे तिन्हीकडे आली आहेत आणि कोणती केवळ आपल्याकडे आली आहेत, हे ताडून पाहिल्यास आपल्याला लिहिण्याजोगे पुष्कळ हाती लागेल. पाणवठ्यांपासून आरंभ करावा, असे मी सुचवेन.